पिल्लाचं घर केवढं?

जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, आमच्याकडे दोन महिन्यांचं पिल्लू आलं. कासारवडवलीच्या रस्त्यावर जन्मलेलं साधं देशी पिल्लू, मादी. मुलीने तिचं नाव ठेवलं तिळू. आम्ही राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, अकराव्या मजल्यावर, टू बीएचकेमध्ये. पहिल्याच दिवशी तिळूने घरात पाच वेळा शू केली. तीनदा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, एकदा सतरंजीवर, एकदा देवघरापुढच्या पायपुसण्यावर. रात्री जेवताना घरात दोन मतं पडली. नवरा म्हणाला, “लहान आहे, कळेल आपोआप.” सासूबाई म्हणाल्या, “आत्ताच धाक लाव गं, नाहीतर हीच सवय लागेल.”

पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मुख्य म्हणजे तिळूकडे बघून मला कळलं की आपोआप काही होत नाही आणि धाकाने तर मुळीच होत नाही. पण पिल्लू घरात शू करतं ते हट्टानेही नाही. त्याच्या हिशेबाने ते घराबाहेर जाऊनच शू करून आलेलं असतं. हे एकदा समजलं की बाकीचं सगळं सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई त्याला पोटाखाली चाटते तेव्हा ती होते, आणि आईच चाटून साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लं चालायला लागतात आणि धडपडत का होईना, झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन मोकळी होतात. हे त्यांना कोणी शिकवत नाही. झोपायची जागा कोरडी ठेवायची, ही समज पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. पुढे सात ते नऊ आठवड्यांच्या सुमाराला दुसरी गोष्ट पक्की व्हायला लागते: शू करताना पायांखाली काय लागतं, याची सवय. माती लागत असेल तर माती, कागद असेल तर कागद, गुळगुळीत लादी असेल तर लादी.

आता पिल्लाच्या उंचीवरून आपला फ्लॅट बघा. पिल्लाच्या लेखी ‘घर’ म्हणजे त्याची गोधडी आणि फार तर भोवतालचा हातभर तुकडा. किचनच्या कोपऱ्यातल्या गोधडीवरून उठून हॉलमध्ये टीव्हीच्या मागे जाणं म्हणजे लांबचा प्रवास झाला. तिळू झोपायच्या जागेपासून जमेल तितकी लांब, आडोशाला जाऊन शू करत होती. जन्मतः सोबत आणलेला नियम ती तंतोतंत पाळत होती. हॉल हेही घरच आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे सगळं ट्रेनिंग म्हणजे पिल्लाच्या मनातलं घर हळूहळू मोठं करत नेणं. आधी गोधडी, मग एक खोली, मग दुसरी, मग पूर्ण फ्लॅट. आम्ही पहिले तीन आठवडे तिळूला किचन आणि त्याला लागून असलेल्या पॅसेजपुरतंच ठेवलं. पॅसेजच्या तोंडाशी लाकडी पाट आडवा लावला. त्या जागेत ती जेवायची, खेळायची, आमच्या पायांशी झोपायची. ज्या जागेत जेवण-झोप-खेळ होतो ती जागा पिल्लू आपली मानतं आणि ती कोरडी ठेवायला लागतं. सलग आठवडाभर तिथे एकही डाग पडला नाही की पाट एक खोली पुढे सरकवायचा. पुढच्या खोलीत मोकळं सोडण्याआधी तिथे चार दिवस तिची वाटी नेऊन ठेवायची, तिच्याशी जमिनीवर बसून खेळायचं. आमचा हॉल ‘घर’ व्हायला मार्चचा मध्य उजाडला.

काही जण यासाठी पिंजरा वापरतात. पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, आडवं होता येईल एवढाच तो असला, दार बराच वेळ उघडं राहिलं आणि आत खाऊ मिळत गेला, तर पिल्लू त्याला आपली खोली मानतं. पण दिवसदिवस कोंडून ठेवलं, तर नाइलाजाने त्याला झोपायच्या जागेतच शी-शू करावी लागते, आणि एकदा ती किळस मोडली की परत आणणं महाकठीण. दुकानात किंवा ब्रीडरकडे अरुंद पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना घरी शिकवताना जास्त वेळ लागतो, तो याचमुळे. तिथे त्यांना लांब जायला जागाच नव्हती. असं पिल्लू तुमच्याकडे आलं असेल तर त्याला दोष देऊ नका, फक्त जास्त वेळ द्या. आणि पिल्लू विकत घेत असाल तर एवढं लक्षात ठेवा: २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईजवळचे ते आठवडे त्याच्या हक्काचे आहेत.

घड्याळ कोणाच्या हातात

ढोबळ हिशेब असा सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर दोन तास. पण हा हिशेब स्वस्थ बसलेल्या पिल्लाचा. जागं, उड्या मारणारं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासातही शू करतं. धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांच्यावरचा ताबा चार ते सहा महिन्यांपर्यंत तयार होत असतो. त्याआधी ‘कंट्रोल कर’ म्हणणं म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला डायपर भिजवला म्हणून रागावण्यासारखं आहे.

वेळा मात्र ओळखता येतात. झोपेतून उठल्यावर लगेच. जोरात खेळून झाल्यावर. पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने. आणि खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत शी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, माणसातही हे होतं, पिल्लात फार ठळकपणे होतं. म्हणजे जेवणाच्या वेळा ठरल्या की शीच्या वेळा जवळजवळ ठरतात. दिवसभर वाटी भरून ठेवली तर हा सगळा हिशेबच मोडतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा ठरलेल्या वेळी द्यावं, पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचलावी. पाण्याची वाटी मात्र दिवसभर भरलेली हवी. ठाण्याच्या उकाड्यात शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं हा क्रूरपणा आहे.

आम्ही या वेळा लिहून काढल्या. किचनमधल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच चौकोनांत. ‘७.१० उठली, शू. ७.४० खाल्लं. ७.५५ शी.’ पाचव्या दिवशी आम्हाला दिसलं की संध्याकाळी साडेसहाला, मुलगी क्लासहून आल्यावर, दारातला गोंधळ झाला की दहा मिनिटांत हमखास हॉलच्या बाजूला धाव. मग मुलगी आली की चप्पल न काढताच तिळूला उचलून बाल्कनीत न्यायची. तो रोजचा डाग त्या दिवसापासून बंद झाला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा लिहिण्याचे कष्ट वसूल झाले.

घड्याळाखेरीज पिल्लाच्या खुणाही असतात. खेळता खेळता मध्येच थांबणं, नाक जमिनीला लावून गोल गोल फिरणं, अचानक कोपऱ्याकडे निघणं. ही खूण आणि शू यांत फार तर पाच-दहा सेकंद असतात. म्हणून सुरुवातीला पिल्लू नजरेच्या टप्प्यात हवं. तसं शक्य नसेल, स्वयंपाक चालू असेल, तर पिल्लाचा हलका दोर आपल्या कमरेला बांधून त्याला जवळ ठेवा.

योग्य जागी शू झाली की लगेच, म्हणजे अक्षरशः दोन-तीन सेकंदांत, कौतुक आणि खाऊचा कण. घरात परत येऊन बिस्कीट दिलं तर पिल्लाला वाटतं ते दारातून आत आल्याचं बक्षीस आहे. सोबत एक शब्द ठेवा. आपल्याकडे आजी बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ असा आवाज काढते आणि काही दिवसांनी त्या आवाजानेच बाळाला शू होते. सासूबाईंनी हे माझ्या मुलीला केलं होतं, तेच त्यांनी तिळूला केलं. शू चालू असताना ‘शूऽऽ’, दर वेळी तसंच. महिन्याभराने नुसत्या आवाजावर तिळू जागा शोधायला लागली. पहिल्या रात्री धाक लावा म्हणणाऱ्या सासूबाईंनी तिला सगळ्यात छान शिकवलं.

रात्री दोन महिन्यांच्या पिल्लासाठी एकदा, कधी दोनदा उठावं लागतं. दिवा मंद, खेळ नाही, बोलणं नाही, जागेवर न्यायचं, झालं की परत गोधडीत. झोपेत शरीर शू कमी तयार करतं, त्यामुळे साडेतीन-चार महिन्यांपासून बरीचशी पिल्लं रात्र काढतात.

नाक घासणं

हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. वॉचमनपासून नातेवाइकांपर्यंत सगळे सांगतात की पिल्लाचं नाक त्या शूमध्ये घासा आणि एक चापटी द्या. कृपया असं करू नका.

पिल्लाने अर्ध्या तासापूर्वी केलेली शू आणि आत्ताची चापटी यांचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच समजतं की जमिनीवर शू असते आणि माणूस समोर असतो, तेव्हा मार बसतो. त्यातून ते दोन गोष्टी शिकतं. पहिली, सोफ्यामागे लपून करायची. दुसरी अधिक वाईट: माणसासमोर करायचीच नाही. मग तुम्ही खाली नेऊन अर्धा तास उभे राहता, ते काहीच करत नाही आणि वर येताच पलंगाखाली जातं. लोक म्हणतात, ‘बघा, मुद्दाम करतं.’

‘पण त्याला चूक कळते, बघा कसं कान पाडून बसतं,’ असंही म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकाने खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगायचं, कधी खोटंच सांगायचं की कुत्र्याने तो खाल्ला. कान पाडणं, नजर चुकवणं हे कुत्र्यांनी मालक रागावल्यावर केलं, मग त्यांनी खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट ज्यांनी खाल्ला नव्हता आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा सगळ्यात अपराधी दिसला. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती आपल्या रागाला दिलेली प्रतिक्रिया असते.

पिल्लू शू करतानाच सापडलं तर हलकी टाळी किंवा ‘अरे अरे’ एवढंच, म्हणजे ते थांबतं, आणि उचलून योग्य जागी. तिथे पूर्ण केलं की कौतुक. नंतर सापडलं तर गप्प पुसायचं.

पुसायचं कसं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण अर्ध्या घरांतली गाडी इथेच अडते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून जास्त. आपल्याला लादी स्वच्छ वाटते तेव्हा पिल्लाला तिथे अजून ‘इथे शू करतात’ असा फलकच लावलेला असतो. फिनाईलने आपल्या नाकापुरता वास झाकला जातो, मूळ वास तिथेच राहतो. शिवाय ओल्या लादीवरून चाललेलं पिल्लू पाय चाटतं, आणि काळ्या फिनाईलमधली रसायनं त्याच्यासाठी विषारी असतात. लघवी शिळी झाली की तिच्यातून अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून अमोनिया असलेली क्लीनर वापरली तर पिल्लाला तो ओळखीचाच वास वाटतो. आणि ताज्या शूवर थेट ब्लीच ओतू नका, दोन्ही मिळून घातक वायू तयार होतो.

आधी कागदाने किंवा जुन्या कापडाने सगळं टिपून घ्या, घासू नका. मग साधं पाणी. मग प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्यायचं. ते वास देणारे घटकच तोडतं. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. लाद्यांच्या सांध्यांवर जास्त लक्ष द्या, टाइल गुळगुळीत असते पण सांधे पितात. संगमरवरावर व्हिनेगर नको, डाग पडतो.

आणि फडकं वेगळं. आमच्या कामवाल्या मावशी तिळूची शू पुसून त्याच फडक्याने आणि त्याच बादलीतल्या पाण्याने पुढचा हॉल पुसत होत्या. त्यांची चूक नव्हती, मीच सांगितलं नव्हतं. पण त्यामुळे वास घरभर पसरत होता. वेगळं लाल फडकं बाल्कनीत टांगलं आणि फरक पडला. पायपुसणी, सतरंज्या, बाथरूमची मॅट हे सगळं पहिले दोन महिने उचलून ठेवा. पायांखाली मऊ आणि शोषणारं लागलं की पिल्लाला तीच जागा बरोबर वाटते.

अकरा मजले खाली

फ्लॅटमध्ये खरी अडचण ही की ‘बाहेर’ लांब असतं. लिफ्ट यायला दोन मिनिटं, मध्ये चार मजल्यांवर थांबते. त्यात पहिले काही महिने पिल्लाला खाली जमिनीवर सोडताच येत नाही. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात. पार्वो या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेतो. त्यामुळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या मातीवर, लॉनवर ठेवू नका. पण याच वयात पिल्लू जगाला सरावतं, तेव्हा कडेवर घेऊन जरूर फिरवा. आम्ही तिळूला कडेवर उपवन तलावाजवळ न्यायचो, रिक्षांचे आवाज, माणसं, सगळं बघत ती शांत बसायची.

तोवर शू-शीची जागा बाल्कनीत. इथे बहुतेक जण वर्तमानपत्र पसरतात. सोपं आहे, पण मग पिल्लू कागदाला सरावतं आणि सकाळी सासरे सोफ्याशी ठेवतात तो पेपरही त्याला आपलाच वाटतो. बाथरूममध्ये शिकवलं तर त्याच्या पायांना तिथली लादी आणि हॉलची लादी सारखीच. म्हणून मी नर्सरीतून हरळीचा तुकडा आणून उथळ ट्रेमध्ये लावला. पायांखाली गवत लागतं आणि पुढे खाली गेल्यावरही गवतच असतं. ट्रे रोज पाण्याने धुवायचा, दर पंधरवड्याला गवत बदलायचं. खालच्या मजल्यावर पाणी टपकू नये म्हणून ट्रेखाली दुसरा ट्रे. शेजाऱ्यांशी संबंध यावरच टिकतात.

लसी पूर्ण झाल्यावर खाली न्यायला लागलो तेव्हा त्याच ट्रेमधलं थोडं वापरलेलं गवत एका कोपऱ्यात नेऊन ठेवलं. तिळूने वास घेतला आणि काम झालं. लिफ्टपर्यंत आणि लिफ्टमध्ये उचलूनच न्या. कडेवर पिल्लू सहसा शू करत नाही. उचलण्यापलीकडे मोठं होईपर्यंत लिफ्टसुद्धा त्याच्या घराचाच भाग झालेली असते.

एक चूक आम्ही आठवडाभर केली. शू झाली की लगेच वर. तिळूने ताडलं की शू केली की फिरणं संपतं, आणि ती धरून ठेवायला लागली. आता आधी शू, मग फेरी. शी उचलायला दोन पिशव्या कायम खिशात. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी करता येत नाही, आणि त्याच सूचना पाळणाऱ्यांनाही सार्वजनिक जागेतली घाण उचलायला सांगतात. पहिली ओळ ज्यांना पाठ आहे त्यांनी दुसरीही पाळली, तर निम्मी भांडणं मिटतील.

हे ट्रेनिंगने सुटत नाही

नवरा ऑफिसमधून आला की तिळू दारात शेपूट हलवत चार थेंब सांडायची. ही शू वेगळी. आनंदाने किंवा दबून जाऊन पिल्लाचा ताबा सुटतो, त्याला ते कळतही नाही. रागावलं की वाढतं. दारात तिच्याकडे लक्ष न देता आत यायचं, मग खाली बसून हळू आवाजात हाक. वय वाढलं तशी ती थांबली.

दूध हे दुसरं कारण. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की दूध-पोळी. आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, पातळ शी होते, आणि पातळ शी कोणालाच धरून ठेवता येत नाही. दूध बंद करून बघा. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा शू, शू करताना कण्हणं, रक्त, किंवा शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागणं, हे दिसलं तर लघवीच्या मार्गातला संसर्ग असू शकतो, डॉक्टरांकडे जा. पातळ शीसोबत उलट्या आणि सुस्ती असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा.

आणि मग जून

एप्रिलपर्यंत तिळूला पूर्ण फ्लॅट मोकळा होता. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला त्या सकाळी आम्ही खाली गेलो. ती पार्किंगच्या कडेला उभी राहिली, पुढे धो धो पाऊस. मला वाटलं, इथेच एखाद्या खांबाशी करेल. तिने केली नाही. वीस मिनिटं ती बाहेरच्या गवताकडे बघत उभी राहिली. पार्किंगही आता तिच्या मनातलं घर झालं होतं.

मी छत्री घेऊन तिच्यासोबत गवतात गेले, ‘शूऽऽ’ म्हटलं, तिने केली. पावसाळ्यासाठी बाल्कनीतला हरळीचा ट्रे आम्ही ठेवला, रोज एकदा तिला तिथे नेतो, म्हणजे ती सवय मोडत नाही. साचलेल्या पाण्यातून मात्र नेत नाही. उंदरांच्या लघवीतून त्यात लेप्टो या तापाचे जंतू येतात, तो कुत्र्यांना होतो तसा आपल्यालाही होतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत ते सगळ्यांनी पाहिलं. त्याची लस तिला दिलेली आहे, तरी वर आलं की चारही पाय धुऊन, बोटांमधून कोरडे पुसायचे. त्यासाठीचा जुना टॉवेल दारामागच्या खिळ्याला असतो आणि ऑक्टोबरपर्यंत तिथून हलत नाही.